संसार: कुठे भांडीकुंडी, कुठे दया, कुठे अंतराळ

तिठा
सत्यजित राय यांच्या 'अपुर संसार'चं (१९५९) इंग्रजी नाव 'द वर्ल्ड ऑफ अपू'. हिंदी बोलणाऱ्याला यात काही वावगं वाटणार नाही, त्याच्याकडे संसार म्हणजे जगच. आपल्याला मात्र खटकतं. अपूचं ध्यानीमनी नसताना लग्न होतं, तो बायकोला कलकत्त्यातल्या भाड्याच्या खोलीत आणतो, दोघांचं बरं चाललेलं असतं आणि ती बाळंतपणात जाते. याला आपण जग कशाला म्हणू? बंगालीतही 'शोंशार कोरा' म्हणजे आपल्यासारखं संसार करणंच. जग हा अर्थ बंगालीत नाही असं नाही, त्यामुळे इंग्रजी नाव चूक म्हणता येत नाही. पण दोन अर्थांतला उंबऱ्याबाहेरचा तेवढा उचलला गेला.

मूळ शब्द सरळ आहे. सम् अधिक सृ. सृ म्हणजे सरकणं, वाहणं, पुढे जाणं. सरिता यातलीच, प्रसार यातलाच आणि प्रियकराला भेटायला रात्रीची निघालेली अभिसारिकाही यातलीच. संसार म्हणजे वाहत, भटकत राहणं, एका जन्मातून दुसऱ्यात. कठोपनिषद म्हणतं की ज्याचं मन ताब्यात नाही तो त्या पदाला पोचत नाही, 'संसारं चाधिगच्छति'. गीतेत 'मृत्युसंसारसागरात्' असं येतं. इथे नवरा, बायको, घरदार काहीच नाही. नुसता प्रवास आहे, आणि तोही नको झालेला.

आता आजच्या भाषा घ्या. हिंदीत आणि नेपाळीत जग. कन्नडमध्ये कुटुंब. तेलुगूतही कुटुंब, शिवाय 'संसारपक्षंगा' म्हणजे साधं, घरंदाज वळणाचं. तमिळ बोलीत 'संसारम्' म्हणजे थेट बायको. आणि मलयाळममध्ये 'संसारम्' म्हणजे बोलणं! 'संसारिक्कुका' हे तिथलं बोलण्याचं रोजच्या वापरातलं क्रियापद.

समुद्र ओलांडला की गंमत वाढते. थाई भाषेत शेवटच्या र चा उच्चार न होतो (नगरचं नखोन, आहारचं आहान), म्हणून संसारचं झालं 'सोंगसान'. अर्थ? कीव येणं, दया वाटणं. पावसात भिजलेलं मांजराचं पिल्लू दिसलं की थाई माणूस 'ना सोंगसान' म्हणतो, आपण 'बिचारं' म्हणतो तसं. जन्ममरणाचा फेरा म्हणायचा असेल तर पुढे वट्ट लावून 'वट्टसोंगसान'. लाओसमध्येही सोंगसान म्हणजे दयाच. शेजारच्या कंबोडियात ख्मेर लोक 'सोंगसा' म्हणतात ते प्रियकराला किंवा प्रेयसीला. मलाय आणि इंडोनेशियन भाषेत 'सेंगसारा' म्हणजे हालअपेष्टा. ब्रह्मदेशात आणि श्रीलंकेत मूळ बौद्ध अर्थच टिकून आहे, तिथे फार काही घडलं नाही.

सगळ्यात लांब उडी मंगोलियाची. तिथे 'सान्सार' म्हणजे अंतराळ. १९८१ मध्ये सोयुझ ३९ मधून जुगदेरदेमिदीन गुर्राग्चा हा पहिला मंगोल माणूस अंतराळात गेला, तो त्यांच्या भाषेत संसारात उडणारा झाला. आपला राकेश शर्मा १९८४ मध्ये तिथेच जाऊन आला.

चिनी, जपानी आणि तिबेटी लोकांनी शब्द न घेता भाषांतर केलं. लुनहुई, रिन्ने, खोरवा. तिघांतही फिरण्याची कल्पना आहे.

आता आपल्याकडे. मराठीने या शब्दाला वजन दिलं असं माझं म्हणणं आहे, आणि हे अलंकारिक बोलत नाही. बाकी ठिकाणी संसार ही कल्पना आहे, भावना आहे, फार तर माणसं आहेत. मराठीत तो मांडता येतो, थाटता येतो, टेम्पोत भरता येतो, आगीत जळतो, पुरात वाहून जातो. 'मांडणे' हे क्रियापद बघा. चूल मांडतात, पाट मांडतात, डाव मांडतात, तसा संसार मांडतात. भांडी ठेवायच्या रॅकलाही आपण मांडणीच म्हणतो. जन्मोजन्मीची वणवण सांगणारा शब्द फडताळात जाऊन बसला, हे कसं झालं असावं? दुसऱ्या भाषांतले अर्थ कानावर आले असतील तर तेही लिहा. फक्त 'आपले पूर्वज सगळीकडे पोचले होते' या छापाचे प्रतिसाद नकोत, त्यासाठी दुसरे धागे आहेत.

खडीसाखर
वाचनखूण साठवली आहे. मलयाळमचं खरंच तसं आहे का? संसार म्हणजे बोलणं? आमच्याकडे संसार म्हणजे न बोलणं.

तिठा
@खडीसाखर :)
हो, खरंच. केरळात राहणारे कुणी असतील तर सांगतीलच.

कोचीवासी
सांगतो. नोकरीनिमित्त इथे आहे. ऑफिसात रुजू झालो तेव्हा वरिष्ठ एका सहकाऱ्याला विचारत होते, 'संसारिच्चो?' मला वाटलं लग्नाचं विचारतायत. ते विचारत होते, क्लायंटशी बोललास का. 'नाळे संसारिक्काम्' म्हणजे उद्या बोलू. कुटुंबासाठी इथे 'कुटुंबम्' हाच शब्द.
असे फसवे शब्द पुष्कळ आहेत. 'प्रसंगम्' म्हणजे भाषण. 'मंत्र्यांचा प्रसंग आहे' असं ऐकून मी उगाच काळजीत पडलो होतो.

पितळी_डबा
आमचं भांड्यांचं दुकान आहे, तालुक्याच्या गावाला. तिठा म्हणतात ते वजन आम्ही रोज तराजूवर बघतो. लग्नसराईत गिऱ्हाईक पायरी चढतानाच विचारतं, 'संसार केवढ्यापर्यंत बसेल?' संसार म्हणजे काय हे कुणाला फोडून सांगावं लागत नाही. हंडा, कळशी, परात, चढत्या मापाची पातेली, झाकण्या, डबे, पिंप, ताट-वाटी-तांब्या, पोळपाट-लाटणं, आणि ज्याची ऐपत असेल त्याची भिंतीवरची मांडणी. पितळ आणि जड स्टील वजनावर जातं, बाकी नगावर. थोडक्यात आमच्याकडे संसार किलोवर मिळतो.
जुनं पितळ आम्ही मोडीत घेतो. एखादी बाई सासूच्या वेळची घागर घेऊन येते, तराजूत टाकते आणि काटा बघायच्या आधी परत उचलते. असं दर हंगामात होतं. मग नुसती कल्हई करून घेऊन जाते.
नाव घालायचं मशीनही आहे. काठाच्या खाली बाहेरच्या अंगाला घालतो, म्हणजे घासून जात नाही. 'चि. सौ. कां. अमुक हिस मामाकडून' आणि खाली तारीख. लग्नाची तारीख विसरलेले नवरे परातीखाली बघतात.

खडीसाखर
@पितळी_डबा, शेवटचं वाक्य घरी वाचून दाखवलं. आमच्या परातीवर माझ्या आत्याचं नाव आणि १९७४ साल आहे, म्हणजे ती परात आमच्याकडे कशी आली हा आता वेगळाच विषय सुरू झालाय.

घाटमाथा
माहिती चांगली आहे, निष्कर्ष पटला नाही. 'मराठीने वजन दिलं' कसलं? हे शब्दाचं अवमूल्यन आहे. जो शब्द जीवाच्या अनादि भ्रमणासाठी घडवला गेला, तो आपण परातीवर आणून ठेवला. निदान थाई लोकांनी करुणेपर्यंत तरी नेला. उद्या 'मोक्ष' म्हणजे सेवानिवृत्ती असा अर्थ रूढ झाला तर त्याचंही कौतुक करायचं का?

तिठा
@घाटमाथा, करू की. 'सुटका झाली एकदाची' असं निवृत्तीच्या दिवशी लोक म्हणतातच.
अवमूल्यन मला दिसत नाही. संस्कृत ग्रंथांतला संसार हा सोडायचा पदार्थ होता. कीर्तनात, ओवीत, दळताना, कांडताना तो शब्द ज्यांच्या तोंडी आला त्यांना सोडून जायला जागाच नव्हती. त्यांनी 'फेरा' ऐकला आणि तो ओळखीचा वाटला. पाणी भरा, चूल पेटवा, जेवणं वाढा, भांडी घासा, परत पाणी भरा. रोजचं संसरण हेच. शब्द खाली आला असं म्हणण्यापेक्षा त्याला राबणारी माणसं भेटली असं मी म्हणेन.

घाटमाथा
वाक्य देखणं आहे, पुरावा नाही.

ओसरी
पुरावा नाही, पण घाटमाथा यांच्यासाठी एक गोष्ट. धम्मपदात १५३ आणि १५४ या दोन गाथा आहेत. बोधी प्राप्त झाल्यावर बुद्धांनी काढलेले पहिले उद्गार म्हणून परंपरा त्या सांगते. 'अनेकजातिसंसारं' अशी सुरुवात. आशय असा: कितीएक जन्मांच्या संसारात मी धावत राहिलो, घर बांधणाऱ्याला शोधत. पुन्हा पुन्हा जन्म घेणं दुःखाचं. अरे घर बांधणाऱ्या, आता तू दिसलास. आता पुन्हा घर बांधायचा नाहीस. तुझे सगळे वासे मोडले, आढं विस्कटलं.
वासे आणि आढं हे मी मराठीपण म्हणून घुसडलेले नाहीत. पालीत 'फासुका' आणि 'गहकूट' आहे, म्हणजे छपराचे वासे आणि माथ्यावरचा भागच. तर संसार आणि घर यांची गाठ आपल्या फडताळाच्या कितीतरी आधी पडलेली दिसते.

घाटमाथा
@ओसरी, तिथे घर म्हणजे देह. बांधणारा म्हणजे तृष्णा. अट्ठकथेत, म्हणजे धम्मपदावरच्या जुन्या पाली टीकेत, स्पष्ट आहे. याचा घरसंसाराशी काडीचा संबंध नाही.

ओसरी
अट्ठकथेतला अर्थ मान्यच आहे. पण रूपक जहाजाचं नाही, वाटेचं नाही, किल्ल्याचं नाही. वासे मोजता येतील अशा घराचं आहे. ज्याने घर सोडलं त्याच्या तोंडून. मला तरी हा योगायोग वाटत नाही.

घाटमाथा
मला वाटतो. असो.

बकुळ
जकार्तातून. गेली काही वर्षं इथल्या शेजारणींकडून भाषा शिकतेय.
'सेंगसारा' इथे अगदी घरगुती शब्द आहे. भूक, गरिबी, आजारपण, सासुरवास, सगळं त्यात येतं. १९२० मध्ये आलेली 'आझाब दान सेंगसारा' ही इंडोनेशियाच्या पहिल्या आधुनिक कादंबऱ्यांत गणली जाते, तिच्या नावातच हा शब्द आहे. चर्चमध्येही तो आहे. येशूने सोसलेल्या यातनांची कथा म्हणजे 'किसाह सेंगसारा'. किसाह म्हणजे आपला किस्सा, अरबीतून आलेला. म्हणजे येशूची कथा, अरबी किस्सा आणि संस्कृत संसार एका ओळीत, आणि ऐकणाऱ्यांना तिन्हींत काही परकं वाटत नाही.
आता खरी मजा. इंडोनेशियन भाषेत नवऱ्याला 'सुआमी' म्हणतात (स्वामी). बायकोला 'इस्त्री' (स्त्री). मुलगा 'पुत्रा', मुलगी 'पुत्री'. कुटुंब म्हणजे 'केलुआर्गा', हे कुल आणि वर्ग मिळून झालंय. सुआमी, इस्त्री, पुत्रा, पुत्री, केलुआर्गा, आणि मग सेंगसारा. क्रम तुमचा तुम्ही लावा.

रिकामा_झोपाळा
'माझी इस्त्री कुठाय' असं रोज सकाळी ऑफिसला जाताना ओरडतो. जकार्तात जरा जपून ओरडायला हवं.

बकुळ
:D
आणखी एक राहिलं. ख्मेरमध्ये संसार म्हणजे प्रियकर कसा झाला असेल यावर. इथे 'कासिह' म्हणजे प्रेम आणि त्यावरूनच 'कासिहान' म्हणजे कीव, बिचारा. प्रेम आणि दया यांचं इथे एकमेकांत जाणं-येणं आहे. थाई आणि ख्मेर शेजारी आहेत, एकाकडे संसार म्हणजे दया, दुसऱ्याकडे प्रिय माणूस. मधली पायरी काय असेल ते मी छातीठोक सांगत नाही, पण आपल्याकडेही 'माया' या शब्दाचं असंच झालंय ना? वेदान्तात भ्रम, आणि आजीची माया म्हणजे निव्वळ जीव लावणं.

खडीसाखर
मायेचं उदाहरण एक नंबर.

कृष्णाकाठ
आमच्याकडचा अर्थ पाण्याने शिकवला. २००५ ला बघितलं, २०१९ ला बघितलं, २०२१ ला परत. पेपरात ठरलेलं वाक्य असतं, 'संसारोपयोगी साहित्य वाहून गेले'. नाहीतर मथळा, 'शेकडो संसार उघड्यावर'. किती माणसं असं म्हणत नाहीत, किती संसार म्हणतात.
२०१९ ला पाणी उतरल्यावर आमच्या गल्लीत प्रत्येकाने आपला संसार दारात काढून ठेवला होता. गाद्या फुगलेल्या, पिठाच्या डब्यात चिखल, फ्रिज आडवा. पंचनाम्याला आलेले लिहून घेत होते. सरकारी मदतीच्या हिशेबात कपडे वेगळे आणि भांडी-घरसामान वेगळं धरतात. शेजारच्या काकी लिहिणाऱ्याला म्हणाल्या, 'साहेब, आकडा काय घालायचा तो घाला, पर संसार एकाच ओळीत लिहू नका.' त्यांनी मग एकेक वस्तू सांगितली, पळीपासून. त्याने लिहून पण घेतली, रकाना संपला तर मागच्या बाजूला.
तेव्हा घाटमाथा साहेब, अवमूल्यन म्हणायच्या आधी एकदा नदीकाठाला येऊन जावा.

घाटमाथा
@कृष्णाकाठ, तुमच्या काकींपुढे मी गप्प बसतो. ग्रंथातल्या अर्थाबद्दलचं म्हणणं मात्र कायम आहे.

माटुंगा_लोकल
तमिळबद्दल. आमच्या इमारतीतले जुने मामा लोक ओळख करून देताना 'एन् संसारम्' म्हणतात, म्हणजे माझी बायको. हसू नका, आपणही तेच करत होतो. 'आमचं कुटुंब माहेरी गेलंय' असं माझे आजोबा म्हणायचे तेव्हा घरात आम्ही सगळे नातवंडं हजर असायचो. गेलेली असायची फक्त आजी. 'मंडळी' हाही शब्द तसाच, अनेकवचनी आणि माणूस एकच. बायकोचं नाव घ्यायचं नाही, तिला बायको म्हणायलाही संकोच, मग अख्खं कुटुंब, अख्खी मंडळी, अख्खा संसार तिच्या एकटीवर लादायचा. ओझंही तसंच लादलेलं असायचं म्हणा.

ओसरी
+१. आणि नवऱ्याला 'घरधनी', 'कारभारी'. त्याला पद, तिला समुदाय.

माडाची_सावली
गोंय विसरलात. कोंकणीत 'संवसार'. अर्थ जग, ऐहिक जग, आणि चर्चमधल्या कोंकणीतही हाच शब्द चालतो. पण मला रूपाबद्दल बोलायचंय. हे 'संव' कोंकणीने नवीन काढलेलं नाही. तुकोबांच्या गाथेतही 'संवसार' असं रूप भेटतं. आजही तुम्ही 'संसार' मोठ्याने म्हणून बघा. मराठी तोंड 'सन्सार' म्हणत नाही, अनुस्वार आणि स यांच्या मध्ये एक पुसटसा व येतो. संशयाचं, सिंहाचं तसंच. हिंदी वाहिनीवरचा माणूस सन्सार म्हणतो तेव्हा तो आपल्या कानाला परका वाटतो तो त्यामुळेच. आपल्या पूर्वीच्या लिहिणाऱ्यांनी जे ऐकलं ते लिहिलं, आपण शुद्धलेखन आणून तो व कागदावरून काढला. तोंडातून काही गेला नाही.

तिठा
@माडाची_सावली, हे फार आवडलं. संशयावरून आठवलं, थाईमध्ये संशयाचं 'सोंगसाय' झालंय, अर्थ शंका घेणं, आपल्यासारखाच. म्हणजे सोंगसान आणि सोंगसाय, दया आणि संशय, शेवटच्या अक्षरावर फिरतात.

उंबरठा_७
जैन घरांतला वापर कुणी लिहिला नाही. कुणी दीक्षा घेतली की आधीचं नाव ते 'संसारी नाव'. निमंत्रणपत्रिकेवर 'संसारी माता-पिता' असं छापतात. माझ्या मैत्रिणीची बहीण साध्वी झाली. आता मैत्रीण तिची बहीण नाही, 'संसारपक्षे बहीण' आहे. गुजरातीत 'संसार मांडवो' म्हणजे लग्न करून घर मांडणं, आणि 'संसार छोडवो' म्हणजे दीक्षा. एकाच घरात एका मुलीचं एक आणि दुसरीचं दुसरं, दोन्ही वेळा वाजंत्री आणि मिरवणूक. घाटमाथा आणि तिठा यांचे दोन्ही अर्थ तिथे एका छताखाली नांदतात.

निवांत
या धाग्यावर 'प्रपंच' अजून कसा आला नाही याचं नवल वाटतं. दोघे जुळे भाऊ आहेत आणि प्रत्येक प्रांतात त्यांनी कामं वाटून घेतली आहेत. कन्नड आणि तेलुगूत जग म्हणजे प्रपंच, कुटुंब म्हणजे संसार. हिंदीत जग म्हणजे संसार आणि प्रपंच म्हणजे लबाडी, छल-प्रपंच. मलयाळममध्ये प्रपंच म्हणजे विश्व आणि संसार म्हणजे बोलणं, ते कोचीवासींनी सांगितलंच. मराठीत दोघेही एकाच घरात राहायला आले, प्रपंच आणि संसार दोन्ही घरकामालाच. तरी फरक उरलाय. प्रपंच म्हटलं की हिशेब, जबाबदाऱ्या, ताण. संसार म्हटलं की भांडी, माणसं आणि जिव्हाळा. 'भरल्या संसारातून उठून गेली' म्हणतात, भरल्या प्रपंचातून कुणी उठत नाही.
पालीत 'पपंच' म्हणजे मनाचं पाल्हाळ, एका विचारातून दहा फुटणं. आणि जावा बेटावर चौदाव्या शतकात, १३६५ मध्ये, मजपहित राज्याचं वर्णन करणारं काव्य ज्याने लिहिलं त्या कवीचं नाव म्पू प्रपंच.

रिकामा_झोपाळा
पपंच म्हणजे हा धागा.

सुई_दोरा
जपानी घरात रिन्ने हा भाषांतरित शब्द असला तरी संस्कृत शिरलंच आहे. नवऱ्याला 'दान्ना' म्हणतात. मूळ आपलं दान. भिक्षूंना दान देणारा, मग पोसणारा, मग मालक, मग नवरा. इथल्या बायका 'दान्नासान' म्हणतात तेव्हा मनात कुणाच्या दान नसतं, आणि आमच्या दान्नासानच्या तर कधीच नसतं.
आणि 'शाबा'. संस्कृत 'सहालोका'तला सहा (आकडा नव्हे, सहन करण्यातला), म्हणजे जिथे सोसावं लागतं ते हे जग. तुरुंगात असलेले लोक बाहेरच्या मोकळ्या जगाला शाबा म्हणतात. मूळ अर्थाच्या बरोबर उलट झालं.

दुर्बीण
मी मंगोलियावर अडकलोय. सान्सार म्हणजे अंतराळ, आणि आपण अंतराळाला अवकाश म्हणतो. अवकाश हाही तसाच भटक्या शब्द आहे. हिंदीत अवकाश म्हणजे सुट्टी, शाळांवर 'ग्रीष्मावकाश'ची पाटी लागते, निवृत्त माणूस 'अवकाशप्राप्त' होतो. कन्नड-तेलुगूत अवकाश म्हणजे संधी. आपल्याकडे जागा, सवड आणि वर थेट अवकाशयान. 'थोडा अवकाश आहे' म्हणजे अजून वेळ आहे. मूळचा अर्थ मोकळी जागा, तेव्हा सुट्टी, संधी, आकाश सगळं त्यात मावतं. सान्सारची उडी मात्र वेगळी वाटते. फिरणाऱ्या जन्मांच्या चक्रावरून फिरणाऱ्या ग्रहताऱ्यांवर गेले असतील का?

तिठा
@दुर्बीण, अख्खी सृष्टी, सगळे लोक मिळून जे काही आहे ते सान्सार, असा मधला टप्पा मला जास्त पटतो. रॉकेटं आल्यावर सृष्टीपैकी वरचा भाग तेवढा त्या शब्दाकडे राहिला. पण हा तर्क आहे. मंगोल येणारं कुणी इथे असण्याची शक्यता कमी, तरी विचारून ठेवतो.
अवकाशावर वेगळा धागा काढा, इथे गर्दी झाली.

दुर्बीण
काढतो, अवकाश मिळाला की.

कोचीवासी
वेगळा धागा निघेपर्यंत एवढं इथेच टाकून ठेवतो. मलयाळममध्ये 'अवकाशम्' म्हणजे हक्क. मानवी हक्क आयोगाच्या पाटीवर 'मनुष्यावकाश' लिहिलेलं असतं. आणि 'विवरम्' म्हणजे माहिती, तेव्हा माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला 'विवरावकाश नियमम्'. सरकारी कचेरीत ती पाटी अक्षरं जुळवत पहिल्यांदा वाचली तेव्हा मला वाटलं, इथे कृष्णविवरांवर काम चालतं. आत एक बाई शिक्के मारत बसल्या होत्या. मी अर्ज मागितला, तर म्हणाल्या आधी साहेबांशी संसारिक्का.